काबुली बागेतला मिस्त्री

कमान आहे, तर तिच्या आत तुळई कशाला? पानिपतच्या काबुली बाग मशिदीच्या उत्तर दरवाजासमोर मुरलेला गवंडी उभा केला तर तो हेच विचारील. दरवाजा विटांचा आहे आणि त्याला लाल वालुकाश्माचं आवरण दिलेलं आहे. वर कमान, आणि तिच्या पोटात, जिथून माणसं आत शिरतात तिथं, दोन्ही बाजूंच्या तोड्यांवर टेकवलेली दगडी तुळई. वरचं ओझं पेलायचं हे एकच काम, आणि त्याला दोन उपाय. पैसे देणाऱ्या मालकानं हिशेब बघितला असता तर मिस्त्रीला बोलावून घेतलं असतं.

पण जरा थांबून बघितलं की दोघींची कामं वेगळी असल्याचं ध्यानात येतं. दगड दाबाला पक्का आणि वाकायला कच्चा. आडव्या तुळईवर भार आला की तिचा खालचा भाग ताणला जातो, आणि ताणात दगड तडकतो. त्यावर आपल्याकडच्या पाथरवटांनी शतकानुशतकं केलेली तोड म्हणजे दोन्ही बाजूंनी तोड्या पुढं काढायच्या, म्हणजे तुळईला कमी अंतर ओलांडावं लागतं. कमानीची रीत निराळी. ती भाराला वळवून दोन्ही खांद्यांवरून भिंतीत उतरवते आणि तिच्यातली प्रत्येक वीट फक्त दाबली जाते. आता या दरवाजात वरच्या भिंतीचा सगळा भार कमानीनं उचललेला आहे. तुळईच्या वाट्याला येतो तो फक्त कमान आणि तुळई यांच्यामधल्या भरावाचा भार. कमान तुळईला सांभाळते आणि तुळई दरवाजाला माणसाच्या मापाची, सरळ, चौकोनी वाट देते. चौकट बसवायची तर सुताराला तीच सोयीची.

ही युक्ती पानिपतात जन्मलेली नाही. दिल्लीत गियासुद्दीन तुघलकाच्या कबरीत, म्हणजे या मशिदीच्या दोनशे वर्षं आधी, कमानीखाली तुळई बसवलेली आहे. उत्तरेतल्या पाथरवटांच्या हातात ती बसून गेली होती. म्हणून हा दरवाजा बांधणारे हात कुठले, ते कागदपत्रं न उघडताही सांगता येतं. मालक समरकंद-काबूलकडचा आणि हात इथले. पुढं आत गेल्यावर जे जे दिसतं, त्याचं सूत्र या एका दरवाजात बसलेलं आहे.

पानिपतला मराठी माणूस जातो तो काला आंबसाठी. गावापासून सातआठ किलोमीटरवरचं पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं ते स्मारक, विटांचा स्तंभ आणि वर लोखंडी सळई. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं येतात, माती कपाळाला लावतात आणि दिल्लीची गाडी पकडतात. फार तर इब्राहिम लोदीची कबर बघतात, तीही विटांचा एक चौथरा, बघून होते पाच मिनिटांत. काबुली बाग मात्र राहून जाते. गंमत म्हणजे १७६० च्या हिवाळ्यात भाऊसाहेबांची फौज या गावाच्या आसऱ्यानं खंदक खोदून अडीच महिने बसली, तेव्हा हा घुमट दोनशे तीस वर्षांचा होता. आपल्या माणसांनी तो रोज पाहिलेला असणार. दाणागोटा संपत आलेल्या माणसाला कमानी बघायचं भान कुठून असणार, हेही खरंच.

मशीद १५२७-२८ ची. २१ एप्रिल १५२६ ला बाबरानं याच मैदानावर लोदीला हरवलं आणि त्यानंतर हे काम हाती घेतलं. बाबर हे नाव निघालं की आज वाद सुरू होतात. ते मला ठाऊक आहेत आणि या लेखात ते मिटणारे नाहीत. माझी नजर आहे ती त्याच्या पदरी असलेल्या मिस्त्रीवर. पण मालकाचा स्वभाव कळल्याशिवाय मिस्त्रीची कारागिरी कळत नाही, म्हणून दोन शब्द मालकाबद्दल.

बाबराच्या आठवणींमधलं हिंदुस्थानचं वर्णन प्रसिद्ध आहे. चांगले घोडे नाहीत, द्राक्षं-खरबुजं नाहीत, बर्फ नाही, हमाम नाहीत, अशी तक्रारींची मोठी यादी आहे. त्या यादीत इथल्या कारागिरीलाही एक फटका आहे: कामात घाट नाही, सममिती नाही. ग्वाल्हेरला जाऊन मानसिंहाचा वाडा त्यानं मोठ्या कौतुकानं पाहिला, तरी तोही त्याला बेढब वाटलाच. आणि मग काही ओळींनी तोच माणूस या देशाच्या गुणांची यादी देतो, तेव्हा त्यात सोन्यारुप्याच्या आणि पावसाळी हवेच्या जोडीला कारागीर येतात: प्रत्येक कामाला हवी तेवढी माणसं, बापाचं काम मुलाकडे चालत आलेलं. तैमूरनं समरकंदला दगडी मशीद बांधली तेव्हा देशोदेशींचे दोनशे पाथरवट लावल्याचं मोठ्या अभिमानानं लिहून ठेवलेलं आहे, याची तो आठवण देतो आणि लगेच आपला आकडा पुढं करतो. एकट्या आग्र्यात रोज ६८० पाथरवट. आग्रा, सिक्री, बयाना, धौलपूर, ग्वाल्हेर आणि कोल मिळून रोज १४९१.

हा शेवटचा एक मला फार आवडतो. दीड हजार म्हणून मोकळा झाला नाही. कुणीतरी रोज हजेरी घेत होतं, रोजमुरा वाटत होतं आणि तो आकडा बादशहापर्यंत जात होता. कामावर मुकादम होता, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

तर असा हा मालक. सममितीचा हट्टी, बागेच्या आखणीत दोरीच्या रेषेवर जीव टाकणारा. आग्र्यात यमुनेच्या पलीकडे त्यानं चौकोनी, आखीव बागा घातल्या तेव्हा इथले लोक त्या काठालाच काबूल म्हणू लागले, असं तो स्वतः लिहितो. पानिपतच्या मशिदीला काबुली बाग हे नाव बाबराच्या काबुली बेगमेवरून पडलं असं सांगतात. मला विचाराल तर आग्र्याचा तो किस्सा वाचल्यावर या नावाची मुळं आखीव बागेत असावीत असं जास्त वाटतं.

उत्तरेच्या दरवाजातून आत गेलं की मशीद एकदम समोर येत नाही. मशिदीचं तोंड पूर्वेला, कारण किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेला. म्हणजे आपण अंगणात बाजूनं शिरतो आणि उजवीकडे वळतो, तेव्हा दर्शनी भिंत दिसायला लागते. मध्यभागी उंच, रुंद कमान. इराण-समरकंदकडे मशिदीच्या तोंडाशी असते तशी, आसपासच्या सगळ्यापेक्षा मुद्दाम उंच काढलेली. दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे पंख आणि कोपऱ्यांवर अष्टकोनी बुरूज. सकाळी गेलात तर ऊन थेट या भिंतीवर असतं आणि कमानीच्या आतला अंधार जास्तच खोल दिसतो.

मधली कमान नीट बघावी. तिचा घाट अर्धवर्तुळाचा नाही आणि साध्या टोकदार कमानीचाही नाही. खाली, जिथून ती निघते तिथं, ती झटकन वळते आणि वर टोकाकडे जाताना जवळजवळ सरळ होते. तैमूरी परंपरेतली ही कमान चार केंद्रांवरून काढतात. जमिनीवर चुन्याची किंवा मातीची सपाट गच करायची, तिच्यावर पूर्ण मापाची कमान आखायची. खुंटी ठोकायची, दोरी बांधायची; खालच्या वळणाला आखूड दोरी, वरच्याला लांब. चार खुंट्यांच्या जागा चुकल्या नाहीत की दोन्ही वळणं अशी मिळतात की जोड कुठं आहे ते बोटानं चाचपूनही सापडू नये. खुंटी वीतभर इकडंतिकडं झाली की कमान कुबड काढते, आणि ते कुबड वर बांधून झाल्यावर खालून दिसतं. मग त्या आखणीवरून सुतार लाकडी ढोला करतो, ढोल्यावर विटा चढतात, शेवटी मधली वीट ठोकून बसवायची आणि चुना आळल्यावर ढोला हळूहळू उतरवायचा. या उतरवण्याच्या वेळी मिस्त्री कुठं उभा असतो, त्यावरून त्याची पारख करावी. जुने लोक सांगत, मिस्त्री कमानीखाली उभा राहिला तरच बिगाऱ्यांनी पाचर काढायची.

कमानीच्या दोन खांद्यांवरचा भाग पुष्कळ ठिकाणी भरताड नक्षीनं भरून टाकतात. मोकळी जागा दिसली की कारागिराचा हात शिवशिवतो. इथं तसं केलेलं नाही. चौकोनी, खोलगट चौकटी काढल्या आहेत आणि त्यांच्यात लहान लहान कमानी बसवल्या आहेत. मोठ्या कमानीचीच आकृती लहान मापात पुन्हा. दर्शनी भिंतही अशाच चौकटींत विभागलेली आहे. याचा परिणाम असा होतो की उन्हाच्या दिवसात सावली भिंतीवर ठिकठिकाणी पडून राहते आणि एवढी मोठी सपाटी सपाट वाटत नाही. रंग नाही, मौल्यवान दगड नाही. दोन-चार बोटांच्या खोलीवर काढलेलं काम आहे. काटकसर एवढ्या रुबाबात क्वचित बघायला मिळते.

आणि काटकसर करावीच लागणार होती. पानिपत यमुनेच्या गाळावर बसलेलं आहे. इथं खणलं तर माती लागते, मग आणखी माती लागते. लाल वालुकाश्म मिळतो तो आग्रा, सिक्री, धौलपूरच्या बाजूला, इथून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. म्हणून दगड कुठं लावला आहे ते बघण्यासारखं आहे. दरवाजाला आवरण म्हणून, तुळईला आणि तोड्यांना. म्हणजे जिथं माणसाची नजर पहिल्यांदा पडते तिथं आणि जिथं विटेनं भागणारच नाही तिथं. बाकी सगळं अंग विटेचं. बाबराच्या पूर्वजांच्या देशातही भाजक्या विटेचीच परंपरा आहे, तेव्हा मालकाला यात कमीपणा वाटण्याचं कारण नव्हतं. पण तिकडं विटेवर रंगीत फरशा चढवतात, निळ्या-हिरव्या. इथं फरशा नाहीत. विटेला गिलाव्यावर आणि सावलीवर भागवावं लागलं.

विटा आजच्या विटेपेक्षा पातळ आहेत. दिल्लीच्या रस्त्याला आजही वीटभट्ट्यांची धुराडी दिसतात, तिथल्या जाड विटेशी यांची तुलना करून बघावी. पातळ वीट आतपर्यंत सारखी भाजली जाते. दुसरं म्हणजे, ती वळणाला वळते. कमानीत किंवा घुमटात जाड वीट वापरली तर दोन विटांमध्ये वरच्या बाजूला पाचरीसारखी मोठी फट राहते आणि ती चुन्यानं भरावी लागते. वीट जेवढी पातळ तेवढी ती फट लहान. तिसरं, थर जास्त असले की सांधेमोड जास्त वेळा होते आणि भिंतीला तडा सरळ खाली धावायला वाट मिळत नाही. उंच भिंतीचे इतके थर पाणसळीत ठेवणं म्हणजे दर थराला दोरी, दर काही थरांना ओळंबा. हे काम कौशल्याचं कमी आणि स्वभावाचं जास्त. एखाद्या दुपारी कंटाळून दोरी न धरता चढवलेला थर पुढच्या सगळ्या थरांना आपली चूक वाटत जातो.

चुन्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आज तो फारसा कुणी वापरत नाही आणि म्हणून त्याची किंमत कुणाला कळत नाही. या मैदानी मुलखात मातीत कंकर सापडतात, चुनखडीचे खडे. ते भाजायचे, पाण्यात विझवायचे, विझवलेला चुना मुरत ठेवायचा. मग घाणीत घालून वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, यांच्याबरोबर बैल फिरवून मळायचा. सुरखीमुळं चुना हवा न लागणाऱ्या जागीही, भिंतीच्या पोटातही, धरतो. बाकीचा चुना मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगड होत जातो, आणि जाड भिंतीत ही गोष्ट वर्षानुवर्षं चालते. सिमेंट एका रात्रीत हट्टाला पेटतं. चुना समजूतदार, इमारत पहिल्या काही पावसाळ्यांत थोडी बसते, हलते, तेव्हा तो तिच्याबरोबर थोडा हलतो. म्हणून चुन्याच्या कामात घाईचा मिस्त्री चालत नाही. मालक मागं लागलेला असताना आजचा थर उद्यावर टाकायची छाती हवी, आणि मालक जर बादशहा असेल तर ती छाती केवढी हवी याची कल्पना करावी.

आता आत जावं. मध्यभागी चौरस दालन आणि त्यावर मोठा घुमट. दोन्ही बाजूंच्या पंखांत तीन-तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन-तीन खण, म्हणजे एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ. प्रत्येक खणावर आपला स्वतःचा लहान, अर्धगोल घुमट, बुटक्या मानेवर बसवलेला. बहुतेक पाहुणे मधल्या घुमटाखाली उभे राहून वर बघतात, फोटो काढतात आणि परततात. चूक आहे. या इमारतीचं मर्म बाजूच्या खणांत आहे.

चौकोनावर गोल बसवायचा, हा घुमट बांधणाऱ्यांचा जुना पेच. भिंती चार, घुमटाचा काठ वर्तुळ. चार कोपरे उघडे राहतात. त्या कोपऱ्यांचं करायचं काय? दिल्लीकडची सवय अशी की कोपऱ्यात लहान कमान टाकायची, चौकोनाचा अष्टकोन करायचा, जमलं तर अष्टकोनाचा षोडशकोन, आणि मग गोल. तुळईवर वाढलेल्या कारागिराची आणखी एक सवय, कोपऱ्यात आडवे दगड टाकून जागा मिटवायची. इथं मात्र मालकाच्या देशाची रीत पाळलेली आहे. कोपऱ्यातून एक त्रिकोण वर चढतो, चढताना पुढं झुकतो आणि वरच्या काठाशी वर्तुळाचा तुकडा होऊन जातो. विटेचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढं. त्या झुकत्या पृष्ठावर गिलाव्यात जाळी काढली आहे: एकमेकींना छेदत जाणाऱ्या बारीक कमानींच्या रेषा आणि त्यांच्यामध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचे, किंचित खोलगट तुकडे.

मान वर करून एका कोपऱ्याकडे टक लावून बघा. जाळीची एक रेघ धरा आणि ती कुठं जाते ते शोधा. ती कोपऱ्यातून निघते, शेजारच्या कोपऱ्यातून येणाऱ्या रेघेला ओलांडते आणि घुमटाच्या मानेला जाऊन मिळते. डोळा चौकोनातून निघून गोलावर कधी पोचला ते कळतच नाही. समरकंद आणि हेरातमध्ये उस्तादांनी ही जाळी कळसाला नेली. तिथं पुष्कळदा या छेदणाऱ्या कमानी खरोखर भार उचलतात. इथली जाळी बरीचशी गिलाव्यातली आहे, भार खालची वीटच उचलते. काही अभ्यासक म्हणतात की इथल्या कारागिरांना ही परकी रीत पुरती उमगलेली नव्हती. खांब गरजेपेक्षा जाड, भिंती गरजेपेक्षा भरभक्कम, तैमूरी इमारतीतला हलकेपणा आलेला नाही.

जाडी आहे, यात शंका नाही. मध्य आशियातल्या नमुन्यांशेजारी ठेवलं तर ही मशीद अंगानं स्थूलच म्हणावी लागेल. पण या आक्षेपात मिस्त्रीच्या बाजूनं कुणी बोललेलं नाही. त्याच्यासमोर आकृती आली, परक्या देशातली, कुणीतरी तोंडी समजावलेली किंवा कागदावर रेघोट्या मारून दाखवलेली. ही बांधणी त्यानं आधी कधी बांधलेली नाही. घुमट बाजूला किती जोर मारेल, याचं गणित त्याच्याकडे नाही. तेव्हा ते कुणाकडेच नव्हतं, होता तो अनुभव, आणि या आकाराचा अनुभव त्याच्या गावी नव्हता. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? नवी आकृती मालकाला हवी तशी देतो आणि तिच्याखाली आपल्याला खात्रीचं असलेलं बांधकाम ठेवतो. जाळी गिलाव्यात, भरवसा विटेत. दरवाजात कमानीखाली तुळई ठेवणाऱ्यानंच इथं जाळीखाली भक्कम वीट ठेवली आहे. मला यात अज्ञान दिसत नाही. ज्याच्या डोक्यावर शंभर बिगाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्या माणसाचं हे शहाणपण आहे.

आणखी एक. नऊ आणि नऊ, अठरा घुमट एकाच मापाचे. सममितीच्या हट्टाचं हे फळ आहेच, पण बांधकामाच्या दृष्टीनं त्यात मोठी सोय आहे. एका खणाचा साचा केला की तोच पुढच्या खणाला चालतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट माणसांची. पहिला खण उस्तादानं स्वतःच्या हातानं उभा करायचा, दुसऱ्यात हाताखालच्याला करायला लावून आपण शेजारी उभं राहायचं, पाचव्या-सहाव्यापर्यंत तो हात तयार झालेला असतो आणि शेवटच्या खणांत त्याच्याही हाताखाली कुणी असतं. इथं असंच घडलं याचा कागद नाही, पण नव्या पद्धतीचं काम नव्या माणसांकडून करून घ्यायचं तर कुठल्याही काळात याहून वेगळा मार्ग नाही. एकच प्रचंड घुमट बांधला असता तर एक उस्ताद मोठा झाला असता. अठरा लहान घुमटांत एक तुकडी शिकून निघते. पुढच्या चार दशकांत दिल्लीला हुमायूनची कबर उभी राहिली. तिचा वास्तुविशारद मीरक मिर्झा गियास मध्य आशियातून आला, पण दगडाला आणि विटेला हात लावणारे इथलेच होते. तिथली सममिती, तिथला घुमट यांना पानिपतमधला संकोच उरलेला नाही.

नावांचा विषय निघालाच आहे. बाबर कारागिरांची नावं लिहीत नसे असं नाही. धौलपूरला एक खडक पाहून त्यानं उस्ताद शाह मुहम्मद या पाथरवटाला सांगितलं: उंची पुरत असेल तर यातूनच घर कोरून काढ, पुरत नसेल तर सपाट करून तलाव कर. उंची पुरली नाही. अष्टकोनी तलाव कोरायचं ठरलं. या दोन वाक्यांच्या हुकुमाला मी बांधकामातल्या नेतृत्वाचा उत्तम नमुना म्हणेन. मालकानं इच्छा सांगितली, अट सांगितली, आणि खडक काय म्हणतो ते खडकाशी बोलणाऱ्यावर सोडलं. पुढं आग्रा-धौलपूरची कामं लवकर पुरी करा म्हणून त्यानं ज्यांना बोलावून घेतलं, त्यांच्यात मुल्ला कासिम आहे, हाच शाह मुहम्मद आहे, आणि शाहबाबा नावाचा एक बेलदारही आहे. कुदळ मारणाऱ्याचं नाव बादशहाच्या रोजनिशीत.

पानिपतच्या मिस्त्रीच्या नशिबी ते आलं नाही. दरवाजावर फारसी लेख आहे, तो राजाचा आणि सालाचा. आपल्याकडे रायगडावर जगदीश्वराच्या पायरीला हिरोजी इंदुलकरानं आपलं नाव कोरून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडेल अशा जागी, आणि त्या नम्रतेतल्या अभिमानाला मराठी माणूस आजही हात जोडतो. काबुली बागेत अशी पायरी नाही. तरी हा माणूस पुरता ओळखीचा होतो. दगड महाग म्हणून तो दगड नजरेच्या जागी लावतो. मालकाची आकृती मान्य करतो, पण भार आपल्या खात्रीच्या जागी उतरवतो. मोकळी भिंत दिसली म्हणून नक्षीनं बुजवत नाही. थर पाणसळीत ठेवतो.

मशीद आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. आजूबाजूला पानिपत भरभरून वाढलं आहे. सतरंज्या, पडदे, ब्लँकेटं यांचे कारखाने, मालाचे ट्रक आणि घरांवर घरं. जुन्या विटेच्या इमारतींना धोका असतो तो पावसाइतकाच दुरुस्तीचा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडायची थांबते, क्षार विटेतच साठतात आणि विटेचं तोंड पापुद्र्यांनी सुटून पडतं. विटांमधल्या दरजा भरायच्या तर चुन्यानंच भराव्यात, आणि त्यासाठी चुना मळणारा, चुन्याची थापी हातात घेतली की तो तयार झाला की नाही हे सांगणारा माणूस लागतो. असे हात आता फार थोडे उरले आहेत आणि जे आहेत त्यांचं वय झालेलं आहे.

जानेवारीत पानिपतच्या सहली काढणाऱ्या मंडळांना म्हणून एक विनंती आहे. काला आंबला जाऊन या, मग दीड-दोन तास काबुली बागेसाठी ठेवा, आणि सकाळचे ठेवा. इतिहासाचे अभ्यासक आणि व्याख्याते तर बसमध्ये असतातच. त्यांच्या शेजारच्या दोन जागा आपापल्या गावच्या जुन्या गवंड्यांना द्या, भाडं मंडळानं भरावं. बाजूच्या खणांत त्यांना उभं करा आणि तासभर कुणी भाषण करू नका. काय काय दिसतं ते त्यांना सांगू द्या.